घरची पेटी : हा हात कुणाचा?



मागच्या अंकात जुन्या फोटोंच्या डब्याबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरेच फोन आले. कुणी विचारलं, फोटो दुकानात द्यावेत की घरी करावेत. कुणी विचारलं, नातू म्हणतो मोबाईलवर सगळं होतं, खरं का? एका बाईंच्या सुनेने मुलाच्या बार मिट्झव्याच्या व्हिडिओसाठी अख्खा अल्बम सोडवून फोटो सुटे केले. आता कोणता फोटो कुठला, कुणाच्या शेजारी होता, तेच त्यांना कळत नाही. म्हणून या खेपेला सगळं एकदाच लिहून काढतो. ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी हे मोठ्याने वाचावे, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्या नातवंडांच्याही कानावर पडेल.

माझी नात सातवीत आहे. तिला शाळेतून शोराशिमचं काम मिळालं. शोराशिम म्हणजे मुळं. आपलं घराणं कुठून आलं, कोण काय करत होतं, हे घरच्यांना विचारून मुलांनी लिहायचं असतं. हल्ली मुलं वही कमी भरतात, व्हिडिओ जास्त करतात. ती दोन दिवस आमच्याकडे राहायला आली आणि पलंगाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाहेर निघाला. त्यात एक फोटो होता, भिंतीवरच्या फ्रेममधून कधीतरी काढून ठेवलेला. १९६१ साल, मुंबई, माझ्या धाकट्या मावशीच्या मेंदीचा दिवस. मधे मावशी, तिच्या डाव्या हाताला माझी आई, पुढे आम्ही पोरं मांडी घालून बसलेलो. नातीने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "सबा, हा हात कुणाचा?"

आईच्या खांद्यावर एक हात होता. मनगटात बांगड्या. मनगटाच्या पुढे फोटो संपत होता. मला उत्तर देता आलं नाही. ते पुढे सांगतो.

आधी कामाचं बोलू. फोटो हाताळण्याआधी हात धुवा आणि कोरडे करा. मेजावर स्वच्छ पांढरी चादर घाला, चहाचा कप दुसऱ्या मेजावर ठेवा. धूळ मऊ ब्रशने झटकायची. पाणी, कोलोन, काच पुसायचं औषध, यातलं काही लावायचं नाही. फोटो गुंडाळल्यासारखा वळला असेल तर जोर लावून सरळ करू नका, वरचा थर तडकतो. मुंबईच्या दमट हवेत ज्या फोटोंना बुरशी धरली, तेच इथे नेगेवच्या कोरड्या हवेत पापडासारखे वळतात, हे मी आमच्या दिमोनाच्या घरी पाहिलं आहे.

काळ्या कागदाचे जुने अल्बम, तिकोनी कोपऱ्यांत फोटो खोचलेले, ते सोपे. फोटो अलगद बाहेर येतो. कटकट आहे ती नंतरच्या चिकट पानांच्या अल्बमांची, ज्यांवर प्लास्टिकचा कागद असतो. त्यातले फोटो ओढू नका. आधी संपूर्ण पानाचा फोटो घ्या, म्हणजे कोण कुणाशेजारी होतं ते राहील. मग दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. सुटला तर सुटला, नाही सुटला तर तसाच पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर त्याला हातच लावू नका, काचेवरूनच काम भागवा. काच निघेल आणि त्याबरोबर चेहराही निघेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोटोची मागची बाजू. तीही स्कॅन करा. मागे मराठीत नावं लिहिलेली असतात, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी हिब्रू साल असतं. मुलांनो, हिब्रू सालातून ३७६० वजा केले की इंग्रजी साल मिळतं. म्हणजे ५७२१ असेल तर १९६१. फक्त रोश हशाना ते डिसेंबरअखेर या दिवसांसाठी ३७६१ वजा करायचे. साल लिहिलेलं नसेल तर शिक्का वाचा. भारतात सहा आकडी पिनकोड १९७२ साली १५ ऑगस्टला सुरू झाला, तेव्हा पत्त्यात पिनकोड असेल तर फोटो त्याच्या नंतरचा. शिक्क्यात "जि. कुलाबा" असेल तर बहुतेक १९८१ च्या आधीचा, कारण त्या साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. (शिक्के मात्र लोक जुनेच वापरतात, एवढं लक्षात ठेवा.) चौकोनी, चारी बाजू सारख्या असलेला लहान फोटो असेल तर तो पुष्कळदा आगफा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्यातला असतो. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे आणि वडील तेरावा मागणाऱ्याला रागावायचे.

मागे नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनने लिहिलेलं पुढून उमटतं.

आणि नाव लिहायचं म्हणजे कोणतं नाव? आमच्या लोकांची ही मोठी गंमत आहे. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. दिवेकर म्हणजे दिवे आगरचे, हे आपल्याला लगेच कळतं, इथे जन्मलेल्या मुलाला कळत नाही. शिवाय घरात सगळे हाक मारायचे बाबू नाहीतर बाळा. बायकांचं लग्नानंतर नाव बदलायचं. इथे आल्यावर काहींनी आडनावही हिब्रू करून घेतलं. तेव्हा एका माणसाची चारही नावं लिहा, आणि नात्याचं नावही लिहा. नुसतं "मावशी" लिहू नका. कुणाची मावशी?

आता स्कॅनिंग. आकडे ऐकून घाबरू नका, हिशेब साधा आहे. आज बहुतेक टीव्हीवर व्हिडिओचं चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असतं. नवीन टीव्ही त्याच्या दुप्पट, म्हणजे ३८४० बाय २१६०. स्कॅनरला आपण सांगतो, एका इंचात किती ठिपके घे. पोस्टकार्डाएवढा, साडेतीन बाय साडेपाच इंचाचा फोटो ६०० वर घेतला तर २१०० बाय ३३०० ठिपके मिळतात, पुरून उरतात. पण सव्वादोन इंचाचा तो चौकोनी फोटो ३०० वर घेतलात तर जेमतेम ६७५ ठिपके येतात. टीव्हीवर तो धूसर दिसणार आणि तुम्ही म्हणणार की कॅमेराच वाईट होता. तो १२०० वर घ्या, २७०० मिळतील, मग एकेक चेहरा जवळून दाखवता येईल. काळा-पांढरा फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करा, त्याची पिवळसर झाक ही त्याची वयाची खूण आहे. निगेटिव्ह सापडल्या तर टाकू नका! त्यात फोटोपेक्षा जास्त असतं. त्यांना निगेटिव्हचा वेगळा स्कॅनर लागतो. तो घरी नसतो, ते काम दुकानातच.

स्कॅन झालेली मूळ फाईल टिफ असेल तर उत्तम, नाहीतर जेपेग, पण सर्वात चांगल्या दर्जाची. तिला पुन्हा हात लावायचा नाही. जे काही सुधारायचं ते तिच्या नकलेवर. फाईलच्या नावात साल आधी टाका, १९६१_मुंबई_मेंदी_०१ असं, म्हणजे संगणक आपोआप सालाप्रमाणे रांग लावतो.

मोबाईलने होतं का? होतं. फोटो खिडकीशी ठेवा, पण उन्हात नको. फ्लॅश बंद. मोबाईल फोटोच्या बरोबर वर, आडवा सपाट धरा, नाहीतर माणसं एका बाजूला बारीक होतात. मोबाईलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो वाटेत लहान होतो. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे जसा आहे तसा पोचतो. हे मी फार उशिरा शिकलो. का, ते सांगतो.

नातीने तो मेंदीचा फोटो तिच्या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये टाकला. टीव्हीचा पडदा आडवा लांब, आपले जुने फोटो जास्त करून चार बाय तीन मापाचे, नाहीतर उभे. पडदा भरून दाखवायचं ठरवलं तर प्रोग्रॅम वरून-खालून फोटोचा चौथा भाग कापून टाकतो. तिच्या पडद्यावर पुढे बसलेली आम्ही पोरं गेली आणि उंच काकांचं डोकं गेलं. मी म्हटलं, बाय, असं माणसांना कापायचं नाही. कडेला काळी पट्टी राहिली तर राहू दे. ती म्हणाली, "पण सबा, हा तर आधीच कापलेला आहे." आणि तिने उजवी कड दाखवली. बाकी तीन कडा नक्षीदार, पोस्टाच्या तिकिटासारख्या कातरलेल्या. उजवी कड सरळ होती.

मी लोदला मावशीला फोन केला. मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कान कमी, पण आठवण शाबूत. मी हाताचं वर्णन करू लागलो. तिने मधेच विचारलं, "करंगळीशेजारचं बोट वाकडं आहे का?" आम्ही मोठं करून पाहिलं. वाकडं होतं. मावशी म्हणाली, "मग ती अक्का. दाराच्या फटीत सापडलं होतं लहानपणी. अरे, तूच तर कापलीस तिला."

तेव्हा आठवलं. १९७४ साली लष्करातून सुटून आलो, पहिल्या पगारात आईसाठी बेर शेव्याच्या बाजारातून एक फ्रेम आणली. फोटो फ्रेमपेक्षा बोटभर रुंद होता. कडेला अक्का मावशी उभी होती, अर्धी सावलीत, मान वळवलेली, चेहरा नीट आलेला नव्हता. मी कात्री घेतली. आई तिथेच भाजी निवडत बसली होती, काही बोलली नाही. ती फ्रेम तिने शेवटपर्यंत भिंतीवर ठेवली.

अक्का म्हणजे तिघी बहिणींत थोरली. १९६४ साली आम्ही सगळे निघालो तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली होती. कुणीतरी मागे राहायला हवं होतं, ती राहिली. पुढच्या वर्षी येते म्हणाली. आजी आणखी सहा वर्षं जगली, मग अक्काचाच पाय धरला. ती १९७९ साली मुंबईत गेली. तिचं लग्न झालं नव्हतं, म्हणून तिच्याकडे लग्नाचा फोटो नाही. पासपोर्ट काढलाच नाही, म्हणून तोही फोटो नाही. आमच्या डब्यात, मावशीच्या डब्यात, शोधून शोधून एकही फोटो मिळाला नाही.

मग मावशीला सुचलं की नवऱ्याकडच्यांनाही त्या फोटोची एक प्रत दिली होती. ठाण्याला चार फोन झाले. प्रत होती, पण घर नव्याने बांधताना वाळवी लागलेल्या पुस्तकांबरोबर गेली. त्याआधी एका भाच्याने मोबाईलने तिचा फोटो काढून कुणाला तरी व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो तीनचार जणांकडून फिरत फिरत आमच्याकडे आला. अख्खा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. अक्का आहे, उभी आहे, पदर डोक्यावर आहे. चेहऱ्याच्या जागी दहाबारा करडे चौकोन.

इथे माझ्या नातवाने हुशारी केली. मोबाईलवर जुने फोटो स्वच्छ करणारी, रंगवणारी कितीतरी ॲप्स आहेत. २०२१ साली तर फोटोतल्या माणसाला पापणी लववायला आणि मान वळवायला लावण्याचाही खेळ घरोघरी झाला होता. त्याने अक्काचा चेहरा एका ॲपमधून काढला आणि पाच मिनिटांत अगदी लख्ख, ठसठशीत चेहरा आणला. डोळे, भुवया, ओठ, सगळं. आम्ही खूश. तो मावशीला पाठवला. मावशीने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "ही कोण बाई?"

मुलांनो, हे नीट समजून घ्या. जो चेहरा फोटोत नाही तो यंत्राला कुठून मिळणार? त्याने लाखो दुसऱ्या माणसांचे फोटो पाहिलेले असतात, त्यावरून इथे साधारण असं नाक असेल, असे डोळे असतील, अशी भर ते घालतं. रेघोट्या, डाग, घडीची खूण काढायला ते चांगलं आहे, मीही वापरतो. १९७०च्या सुमाराचे रंगीत फोटो लालसर पडतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, तोही संगणक बराचसा जागेवर आणतो. पण चेहरा भरायला देऊ नका. आणि रंगाचं म्हणाल तर त्याच ॲपने मावशीची मेंदीची हिरवी साडी निळी केली. त्यावर ती अजून रागावलेली आहे. रंगवलेला फोटो व्हिडिओत घालायचाच असेल तर खाली तसं लिहा आणि आधी मूळचा दाखवा. नाहीतर वीस वर्षांनी निळी साडीच खरी ठरेल.

व्हिडिओचं बाकी थोडक्यात. एक फोटो पाचसहा सेकंद, घोळक्याचा फोटो नऊदहा. सत्तर फोटो झाले की सात-आठ मिनिटं होतात, त्यापुढे पाहुणे जांभया देतात. आपलेच पाहुणे, पण देतात. फोटो सतत पुढेमागे सरकवू नका, म्हाताऱ्यांना चक्कर येते. पाटीवर नाव मराठीत लिहिलंत तर जोडाक्षरं आणि वेलांट्या तपासा. काही प्रोग्रॅम मराठी अक्षरं मोडतात, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. तसं झालं तर नाव दुसरीकडे लिहून चित्र म्हणून चिकटवा. हिब्रू उजवीकडून आणि मराठी डावीकडून, एका ओळीत दोन्ही नकोत, वरखाली लिहा. तयार झालं की तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. सीडीवर ठेवून निश्चिंत राहू नका, नव्या संगणकांत ती घालायला बहुधा जागाच नसते.

आवाजासाठी गाणं शोधत बसू नका. वडीलधाऱ्यांसमोर फोटो ठेवा, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा. पंखा बंद, टीव्ही बंद. "हा कोण?" एवढंच विचारून थांबू नका. हा हसत का नाही, हे कुणाचं घर, स्वयंपाक कुणी केला होता, असं विचारा. मराठीत बोलू द्या, खाली हिब्रूत ओळी देता येतात. आमच्या नातीने मावशीला असं बसवलं आणि साडेतीन तास रेकॉर्डिंग झालं. त्यातली अकरा मिनिटं अक्काची. आजीची औषधं, चाळीतला जिना, रविवारी चौपाटीवर आम्हाला नेऊन स्वतः मात्र चणे न खाणारी अक्का. मला यातलं अर्धंही माहीत नव्हतं.

व्हिडिओत शेवटी काय घालायचं यावर घरात वाद झाला. नातवाचं म्हणणं, ॲपमधला चेहरा घालू, निदान काहीतरी दिसेल. नातीने नकार दिला. तिने आधी ठाण्याचा करडा फोटो ठेवला, जसा आहे तसा, लहानच. मग आमच्या फोटोतला हात, पूर्ण पडदाभर, नऊ सेकंद, आणि खाली अक्काचं नाव दोन्ही लिप्यांत. ते ६०० वर स्कॅन केलेलं असल्यामुळे वाकडं बोट स्पष्ट दिसतं. शाळेत बाईंनी विचारलं, चेहरा का नाही? ती म्हणाली, माझ्या आजोबांनी कापला. सगळ्या वर्गासमोर सांगितलं.

शब्बाथ सुटल्यावर लोदला मावशीकडे सगळे जमलो आणि तिला टीव्हीवर दाखवलं. हाताचा तो भाग आला तशी ती पुढे सरकून बसली. संपल्यावर म्हणाली, परत लाव. मग पुन्हा परत लाव. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "बांगड्या माझ्या आहेत बरं का त्या. मागून घेतल्या होत्या त्या दिवसापुरत्या." आणि मग सगळ्यांना म्हणाली, चला, भजी थंड होतात.

ठाणे, मुंबई, अलिबागकडे कुणाच्या घरी १९६१ सालच्या डोंगरीतल्या मेंदीचा, नक्षीदार कडांचा, बाराजणांचा फोटो असेल तर संपादकांना कळवा. मी येईन बघायला.

पुढच्या अंकात जुन्या कॅसेटींबद्दल लिहीन. तोवर त्या मिर्पेसेतवर उन्हात ठेवू नका.